हळदीच्या ड्रममधलं गवताचं बी

आप्पा,

परवा दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, माहेरी कुणाला दम्याचा त्रास होता का?" मी म्हटलं, "वडलांना." पोरगी चांगली आहे, माझ्या नातीएवढी. तिनं मान डोलावली आणि पाठीला नळी लावली. मला उगाच वाटलं, आता ती पुढं विचारेल, कशानं झाला, शेवटी काय झालं. तिनं विचारलं, "झोप लागते का नीट?" झालं. घरी येऊन चहा टाकला, तो उकळून उकळून काढा झाला, तरी मी ओट्यापाशी तुमच्यावरच चरफडत उभी. मग म्हटलं, ज्याच्यावर चरफडायचं त्यालाच सांगावं. तुम्ही होतात तेव्हा तुम्हाला पत्र लिहायची कधी वेळच आली नाही. घर आणि कारखाना यांच्यात एकच भिंत होती. मी स्वयंपाकघरातून "आप्पा, ताट वाढलंय" म्हणून ओरडले की तुम्ही पलीकडून लोखंडावर पाना आपटायचा. म्हणजे आलो. आणि मग चांगला अर्धा तास यायचा नाहीत.

कारखाना आपलं म्हणायचं. पत्र्याची शेड, एक लेथ, एक भाता, आणि अंगणात उभे केलेले हळदीचे ड्रम. सांगलीत हळदीवाल्यांना तुमचे ड्रम माहीत होते. शिजवून वाळवलेली हळकुंडं जाळीच्या ड्रममध्ये घालायची, ड्रम फिरवायचा, आणि हळकुंडं एकमेकांवर घासून घासून वरची खरबरीत साल जाऊन आत पिवळंधमक निघायचं. प्रत्येक नवा ड्रम तुम्ही स्वतः माल भरून चालवून बघायचा. संध्याकाळी घरात आलात की भुवयांपासून पायांच्या नखांपर्यंत पिवळे. आई म्हणायची, "आला गं बाई नवरदेव! रोज हळद लागती ह्या माणसाला." तुम्ही हसायचा, आणि हसता हसता खोकायचा. हसणं कुठं संपलं आणि खोकला कुठं सुरू झाला हे आम्हाला पुढं पुढं कळेनासं झालं. तुमचं एकच पालुपद होतं, "मालाला झळाळी पायजे. झळाळी न्हाई तर काय बी न्हाई." बाजारात हळकुंड हातात घेऊन तुम्ही ते धोतरावर पुसून बघायचा, लोक सोनं बघतात तसं.

सदुसष्ट सालच्या भूकंपाच्या आदल्या वर्षी मिरजेच्या डॉक्टरांनी तुमची छाती तपासली आणि आम्हा दोघींना बाहेर बोलावून सांगितलं, ह्यांना धुळीपासून लांब ठेवा, नाहीतर फार दिवस काढणार नाहीत. आईनं घरी येऊन चूल पेटवली. भाकरी थापली, ताट वाढलं, तुमचा हात धरून भाकरीवर ठेवला आणि म्हणाली, "ह्या अन्नाची शपथ घ्या. ड्रमाजवळ जाणार न्हाई म्हणा." तुम्ही म्हणालात. ड्रमची कामं बंद केलीत, नुसती लेथची ठेवलीत. आणि खरंच उतार पडला. गणपतीपर्यंत तुम्ही कृष्णेच्या घाटावर जाऊन मध्ये न थांबता परत यायला लागलात. रात्रीची तुमची धाप ऐकत पडून राहायची मला इतकी सवय झाली होती, की घर शांत झालं आणि माझीच झोप उडाली. मी कॉलेजचं एक वर्ष करून घरी बसलेली, लग्नाची बोलणी चाललेली. मनात म्हटलं, चला, आप्पा आता आपल्या लग्नात उभे राहतील. फार नव्हतं हो मागणं.

दिवाळी झाली आणि माण तालुक्यातल्या सरकारी मेंढ्यांच्या फार्मावरचे साहेब पोतं घेऊन दारात उभे राहिले. पोतं चांगलं भरलेलं, आणि साहेबांनी एका हातानं जीपमधून उचलून आणलं. मला वाटलं कापूस आहे. तुम्ही तोंड सोडून आत हात घातलात, मूठ भरून बाहेर काढलीत, मूठ उघडलीत, तर बी खाली पडेचना. सुरवंटासारखं केसाळ, एकमेकांत गुंतलेलं, बोटांना चिकटलेलं. "हे बी हाय?" तुम्ही विचारलंत. साहेब म्हणाले, अंजन गवताचं. माणातले डोंगर उघडे पडलेत, मेंढरांना चारा नाही, सगळीकडं हे गवत पेरायचं आहे. पण पेरायच्या पाभरीच्या चाड्यात, त्या लाकडी नरसाळ्यात, घातलं की हे बी तिथंच बसतं, नळीतून उतरतच नाही. सुपात घेऊन पाखडावं तर भुसा आणि बी सारखंच हलकं, वारा दोन्ही घेऊन जातो. बायका हातानं चोळून साफ करतात, पण दिवसभर चोळून ओंजळभर होतं. यंत्र करता येईल का? आई दारातून म्हणाली, "घरचं झालं थोडं आन व्याह्यानं धाडलं घोडं." तुम्ही ऐकलंही नाहीत. तुम्ही ते बी डाव्या तळहातावर घेऊन उजव्या अंगठ्यानं चोळत होतात. मी तेव्हाच ओळखलं, हा माणूस गेला आता.

तरी तुम्ही लगेच हो म्हणाला नाहीत, हे खरं. "बगून येतो" म्हणालात. आईनं मला पाठराखीण म्हणून धाडलं. विट्याला गाडी बदलून आपण गेलो. फार्मावर शेडमध्ये बायका ओळीनं बसल्या आहेत, पुढ्यात गोणपाट, नाकातोंडावर पदर घट्ट बांधलेला, आणि दोन्ही हातांनी बी चोळताहेत. शेडमध्ये धूर भरावा तशी बारीक लव तरंगते आहे. एक बाई खोकायला लागते. ती थांबते तोवर दुसरी लागते. तुम्ही दारातच उभे. तुमच्या चेहऱ्याकडं बघून मला वाटलं, धुळीला भिऊन थांबलात. तसं नव्हतं. त्यातली एक थोराड बाई उठून बाहेर आली, पदर सोडून थुंकली, आणि तुम्ही तिला विचारलंत, "बाई, रातचं आडवं निजता येतं का?" ती चमकली. "तुमास्नी कसं म्हाईत? भितीला टेकून निजतो आमी. समद्याच." तुम्ही म्हणालात, "मला बी यायचं न्हाई." परतीची गाडी धरली. विट्याला उतरल्यावर म्हणालात, "ती धूळ पेटीत कोंडायला पायजे गं. यंत्र काय हुईल, पन धूळ पेटीतच ऱ्हायला पायजे."

पहिलं यंत्र तुम्ही कशावरून बेतलंत? हळदीच्या ड्रमवरून, आणखी कशावरून! ज्याच्या हातात हातोडा त्याला सगळीकडं खिळेच दिसायचे. लहान ड्रम, आत लोखंडी दाते, खाली चाळणी, बाजूला पंखा. मोटर लावली आणि घरभर लव उडाली. देवाच्या फोटोंवर लव, दुधावर लव, पिठात लव. आईनं भाकरी मोडली तर आतून केसच केस. ती भाकरी तिनं तुमच्यापुढं धरली. "बगा. लोकाच्या डोळ्यातलं कुसळ काढाया निघालाय, आन आपल्या छातीतलं मुसळ दिसंना." तुम्ही केस काढून काढून ती भाकरी खाल्लीत, काय करणार? पण दुसऱ्या दिवशी परत ड्रम फिरला, आणि खालच्या डब्यात बी पडलं. गुळगुळीत, टपोरं, राजगिऱ्यासारखं चमकणारं. एक केस नाही. तुम्ही दोन्ही हातांत घेऊन आलात, आईला म्हणालात, "बघ गं, काय झळाळी!" किती वर्षांनी तुमचा चेहरा तसा बघत होते मी. साहेब आले, त्यांनी बी चिमटीत धरून उन्हात बघितलं आणि तुमची पाठ थोपटली.

ते बी मी ओल्या गोणपाटात गुंडाळून चुलीशेजारी उबेला ठेवलं होतं. मटकीला मोड आणतो तसंच. कॉलेजात एवढं तरी शिकवलं होतं, की बी उगवतं का ते आधी बघावं. रोज उघडून बघते, काही नाही. शेजारी तेच बी न घासलेलं, केसाळ, तसंच ठेवलं होतं. त्यातलं निम्मं हिरवं झालं. मी येऊन तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही माझ्या अंगावर वसकन आलात. "गोणपाट वाळवलं आसशील. तुज्या हातनं मटकीला तरी कवा नीट मोड आल्यात?" मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी म्हटलं, बरं, तुमच्या हातानं करा. तुम्ही केलंत. स्वतः पाणी शिंपडायचा, सकाळी चहाच्या आधी उघडून बघायचा. मी मुद्दाम तिकडं फिरकले नाही. एक दिवस तुम्ही ते गोणपाट मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसलेले दिसलात. आतलं बी काळं पडून कुजलं होतं. तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "शिजवलेली हळद कुनी परत लावतं का गं? तिला घासली तर चालतंय. हे तर उगवायचं हुतं." आणि मग तुम्ही हसलात. ते हसणं मला बघवलं नाही. जन्मभर ज्या झळाळीच्या मागं लागलात तिनंच दगा दिला होता. संध्याकाळी बाजारातून येताना माझ्यासाठी भिंग घेऊन आलात. लाकडी मुठीचं, चांगलं. हातात देताना एवढंच म्हणालात, "मटकीला मोड येत्यात तुज्या." आप्पा, तुमची माफी मागायची ती रीत होती, हे मला तेव्हाही कळलं.

त्या भिंगातून मी बघायची आणि तुम्हाला सांगायची. दाण्याच्या टोकाशी जिथं कोंब असतो तिथंच लोखंडाचे दाते लागत होते. केस सगळे काढायची गरजच नव्हती, नुसते छाटले, गुंता सुटला, की बी चाड्यातून उतरलं असतं. मग तुम्ही दाते उपटून काढलेत, जुन्या टायरच्या पट्ट्या कापून बसवल्यात, ड्रमचा वेग कमी केलात. पंखा उलटा लावलात, फुंकायच्या ऐवजी ओढणारा, आणि त्याच्या तोंडाला गोणपाटाची लांबलचक पिशवी बांधलीत. धूळ त्या पिशवीत. हे सगळं ऐकायला सोपं वाटतं. पण गुंतलेलं बी वरच्या तोंडात अडायचं, कमानीसारखं तटून बसायचं, आणि ते कुठं अडतं, कसं अडतं, हे झाकण उघडं ठेवून आत डोकं घातल्याशिवाय दिसायचं नाही. तोंडावर टॉवेल बांधला की तुम्हाला श्वास पुरायचा नाही, म्हणून तुम्ही तो काढून टाकायचा. दिवसभर झाकण उघडं, तुमचं डोकं आत. दुसऱ्यांची धूळ कोंडायची म्हणून तुम्ही ती सगळी आपल्या छातीत भरून घेत होतात, आणि आम्ही दोघी भिंतीच्या अलीकडं तुमचा खोकला ऐकत होतो.

आई भांडली. "तुमी अन्नावर हात ठेवला हुता. त्या बायांचा खोकला तुमास्नी ऐकू आला, आन माजं बोलणं ऐकू येत न्हाई व्हय?" तुम्ही म्हणालात, "ड्रमाजवळ जाणार न्हाई म्हणालो हुतो. हा हळदीचा ड्रम न्हाई." असला वकिली कावा तुम्हाला कुठून सुचला कोण जाणे. त्या दिवशी मी कारखान्यात गेले, मोटर बंद केली आणि पट्टाच काढून घेतला. म्हटलं, "आप्पा, बास. माणातल्या बाया मेल्या तरी चालतील मला." तुम्ही ओरडला नाहीत. ओरडायला दमच कुठं होता? ड्रमला टेकून, शब्दाशब्दाला थांबत म्हणालात, "आपल्या मानसाचा खोकला तेवढा खोकला, आन दुसऱ्याचा काय ढोल वाजतोय व्हय गं?" मी पट्टा खाली टाकला आणि घरात निघून आले. थोड्या वेळानं मोटर सुरू झाली. तुम्ही स्वतः वाकून पट्टा चढवला असणार. मी भिंतीला कान लावून उभी होते.

थंडी सरता सरता यंत्र बैलगाडीतून, मग ट्रकमधून फार्मावर गेलं. मीही आले होते, तुमचं कोपर धरून. साहेबांच्या वरचे साहेब पुण्याहून बघायला आलेले. यंत्र चाललं, बी न अडता उतरलं, शेडमध्ये धूळ नाही. पण डब्यातलं बी मळकट, अर्धवट केसाळ, बारीक केलेल्या दाढीसारखं. मोठे साहेब म्हणाले, "हे साफ कुठं आहे? आधी दाखवलं ते चमकत होतं." तुम्ही म्हणालात, "साहेब, ते चमकत हुतं पन उगवत नव्हतं." त्यांनी मान डोलावली, आणखी यंत्रांचं बघू म्हणाले, आणि ते बघणं कायमचं राहिलं. साहेब वाईट नव्हते. त्यांनाही पुढं कुणाला तरी ओंजळ भरून दाखवायचं असणार. माझ्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. एवढ्यासाठी का हा माणूस जळाला? तुमचं त्यांच्याकडं लक्षच नव्हतं. ती थोराड बाई यंत्राच्या तोंडात बी टाकत होती. टाकता टाकता तिनं नाकावरचा पदर सोडला, इकडंतिकडं बघितलं, आणि परत बांधला नाही. तुम्ही माझ्या दंडाला चिमटा काढलात. "बघितलंस?" मी नुसतं "व्हय" म्हटलं.

त्यानंतर तुम्ही उठलाच नाहीत म्हणायचं. उन्हाळाभर भिंतीला उशा लावून बसलेले. आडवं पडता येत नव्हतं. आई पाठीला तेल चोळायची. तिनं भांडण सोडलं तेव्हाच मी घाबरले. माझं लग्न ठरलं होतं, तारीख अलीकडं ओढावी असं मामा म्हणत होते, पण तुमच्यापुढं कुणी बोलायला तयार नाही. मी वाट बघत होते, तुम्ही काहीतरी म्हणाल. पोरी, नांदायला गेल्यावर असं कर, आईला सांभाळ, असलं काहीतरी. सगळे बाप म्हणतात ते. आकाशात ढग यायला लागले होते. एका दुपारी तुम्ही मला खूण करून जवळ बोलावलंत. मी कान तुमच्या तोंडाशी नेला. तुम्ही म्हणालात, "त्या बायास्नी... आता आडवं निजता येतंय का गं?" मी म्हटलं, "मला म्हाईत न्हाई, आप्पा." तुम्ही म्हणालात, "इचार की." हे शेवटचं. त्यानंतर तुम्ही बोललात ते पाणी आणि खिडकी, एवढंच.

तुम्ही भूकंप बघितला नाहीत, माझं लग्न बघितलं नाहीत. पाऊसकाळ सरल्यावर, लग्नाच्या आधी, मी फार्मावर जाऊन आले. तुम्ही सांगितलं होतं ना. साहेबांची बदली झाली होती. नवे साहेब मला डोंगराच्या पायथ्याशी घेऊन गेले. उतारावर गवत उभं होतं, गुडघ्याएवढं, आणि धनगराची मेंढरं त्यात तोंड खुपसून चरत होती. चांगलं होतं. मी चांगलं आहे म्हणाले. मग शेडमध्ये गेले. ती बाई मला बघून पुढं आली, तुमचं कळलं होतं तिला. मी विचारलं. ती म्हणाली, "आता मस्त निजतो बग आमी. खोकला कवाच गेला, बाय. लय उपकार हायत तुज्या बापाचं." आणि तिनं दोन्ही हात माझ्या तोंडावरून फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. तिचा श्वास अगदी माझ्या तोंडावर येत होता. मोकळा, लांब, मध्ये कुठं न अडणारा. मी हसले, तिला वाकून नमस्कार केला आणि गाडीला आले.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, लिहून झालं की फाडायचं, म्हणून एवढं लिहितेय. लोक मला सांगतात, तुमच्या वडलांनी केवढं पुण्य केलं, आणि मी मान हलवते. आईही म्हणायची पुढं पुढं, पुण्य केलं. मी कधी तिला सांगितलं नाही, तुम्हालाही सांगायची हिंमत आज ह्या वयात होतेय. त्या शेडमध्ये तिचा तो मोकळा श्वास ऐकत उभी असताना माझ्या मनात आलं, हा माझ्या बापाचा आहे, तो मला परत दे, आणि तू खोक. आप्पा, मला अजूनही तसंच वाटतं.